प्रश्न वाचकांचे : लांब कुरळ्या केसांचा ब्लो ड्राय घरच्या घरी

प्रश्न : माझे केस कमरेपर्यंत लांब, दाट आणि कुरळे आहेत. त्यांना मी आजवर कधी रंग लावलेला नाही, की रसायने लावून ते सरळ करून घेतलेले नाहीत. गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या साखरपुड्याला एकदाच ते मोकळे आणि सरळ दिसावेत, म्हणून मी पुण्यातील एका पार्लरमध्ये ब्लो ड्राय, म्हणजे ड्रायरच्या गरम वाऱ्याने केस वाळवून त्यांना आकार देण्याचा प्रकार, करून घेतला. तेथील मुलीने केस धुतल्याबरोबर बारीक दातांच्या कंगव्याने वरून खाली ओढत गुंता काढला. मग एक बट गोल ब्रशवर गुंडाळली, तर ब्रश केसांत असा अडकला की शेवटी तेवढी बट कापावी लागली. वेळ कमी पडू लागल्यावर उरलेल्या दमट केसांवर तिने थेट स्ट्रेटनर फिरवला. त्या वेळी चर्र असा आवाज येत होता आणि वाफ निघत होती. आता चार वेळा न्हाऊनही कपाळाजवळचे केस पूर्वीसारखे कुरळे होत नाहीत आणि टोके खरखरीत झाली आहेत. पार्लरमध्ये जाऊन हे दाखवले, तेव्हा केराटिन नावाचा केस सरळ करण्याचा उपचार करून घ्या, असे सांगण्यात आले. मला आता तेथे जायचे नाही. हे काम घरी शिकता येईल का? आणि बिघडलेले केस पूर्ववत होतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते कटू आहे. चार वेळा न्हाऊनही जे केस वळत नाहीत, ते पुन्हा वळणार नाहीत. मात्र मुळातून जो नवा केस येईल तो पूर्वीसारखाच कुरळा असेल, कारण केसाचे वळण त्वचेखालच्या मुळात ठरते आणि स्ट्रेटनर तेथपर्यंत पोहोचलेला नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने कमरेपर्यंतच्या केसाचे टोक पाच-सहा वर्षांपूर्वी उगवलेले असते. इतकी वर्षे जपलेली गोष्ट तासाभरात बिघडली याचे तुम्हाला वाईट वाटले, तर त्यात अवाजवी काही नाही. लगेच सगळे केस कापण्याची मात्र गरज नाही. दर दोन-तीन महिन्यांनी थोडी टोके कापत राहा, म्हणजे लांबी टिकवूनही खराब भाग हळूहळू निघून जाईल.

त्या दिवशी नेमके काय चुकले, हे समजून घेतल्याशिवाय घरी प्रयोग करू नका, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचा आकार टिकवणारे काही बंध पक्के असतात आणि काही कच्चे. पक्के बंध गंधकाचे असतात, ते पाण्याने सुटत नाहीत. कच्चे बंध हायड्रोजनचे असतात. केस भिजला की ते सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ब्लो ड्रायचे सगळे काम या कच्च्या बंधांवर चालते. म्हणूनच तो पुढच्या न्हाण्यापर्यंतच टिकतो, आणि नीट केला असेल तर न्हाल्यावर कुरळेपणा जसाच्या तसा परत येतो. तुमचे केस मात्र ओले असताना त्यांच्यावर स्ट्रेटनर फिरला. स्ट्रेटनर सहसा दीडशे ते सव्वादोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि पाणी शंभर अंशांना उकळते. केसाच्या आत मुरलेल्या पाण्याची त्या उष्णतेने तत्क्षणी वाफ होते आणि ती बाहेर पडताना केसाच्या आत पोकळ बुडबुडे तयार करते. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. तुम्ही ऐकलेला चर्र आवाज त्या वाफेचाच होता. शिवाय ओल्या केसातील प्रथिनाची घडण कोरड्या केसाच्या मानाने बऱ्याच कमी तापमानाला बिघडते.

केस वाळवणे आणि केसांना आकार देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे एवढे एक पक्के लक्षात ठेवलेत तर निम्मी विद्या आलीच. पार्लरमधील घाईत ती दोन्ही एकदम उरकली गेली. घरी तुम्हाला ती एकापाठोपाठ एक करायची आहेत, आणि पहिल्या कामाला दुसऱ्याहून जास्त वेळ द्यायचा आहे.

आदल्या रात्री केसांना खोबरेल तेल लावा. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुण्याआधी किंवा धुतल्यानंतर लावल्यावर केसातील प्रथिनाची झीज कमी करणारे त्यांतले एकटे खोबरेलच ठरले, कारण त्याचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीचा आहे हे ध्यानात ठेवावे, पण आपल्या आज्यांचा अनुभवही त्याहून वेगळा नाही. सकाळी मात्र ते तेल शाम्पूने पूर्ण धुऊन टाका. तेलकट केसांवर ड्रायर फिरवला की केस चिकट आणि जड होतात, मोकळे सुटत नाहीत. नंतर भरपूर कंडिशनर लावा आणि तो केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा. सुरुवात टोकांपासून करा आणि वीतभर वर सरकत मुळांपर्यंत जा. वरून खाली कंगवा ओढला की प्रत्येक लहान गाठ खालच्या गाठीवर जाऊन बसते, आणि ओला केस रबरासारखा ताणला जाऊन तुटतो.

न्हाल्यावर जुना, मऊ झालेला सुती पंचा डोक्याला गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे बसा. केस पंचाने खसाखसा पुसू नका, आणि पंचाने केस फटकारण्याची आपल्याकडची जुनी सवय तर सोडूनच द्या. दमट केसांना उष्णतेपासून बचाव करणारे सीरम किंवा स्प्रे थोड्या प्रमाणात, टोकांना जास्त आणि मुळांना अजिबात नाही, असे लावा. त्याने केसावर पातळ थर बसतो आणि उष्णता सावकाश आत जाते. चिलखत समजून मात्र त्यावर विसंबू नका.

ड्रायर घेताना फार महाग यंत्राच्या मागे लागू नका. उष्णता आणि वाऱ्याचा वेग यांची बटणे वेगवेगळी असावीत, गार वाऱ्याचे बटण असावे आणि तोंडाला बसवायची चपटी नळी सोबत मिळावी, एवढे पुरे आहे. दाट केसांना 1600 ते 2000 वॅटचा ड्रायर सोयीचा पडतो. मात्र आपल्या घरातील लहान सॉकेट सहा अँपिअरचे असते. 230 व्होल्टच्या हिशेबाने ते फार तर 1380 वॅट सोसते. त्याहून मोठा ड्रायर सोळा अँपिअरच्या, म्हणजे गीझरच्या जातीच्या, मोठ्या सॉकेटवरच लावा. तो न्हाणीघरात वापरू नका. मागच्या जाळीत अडकलेले केस आणि धूळ वरचेवर काढत जा, नाहीतर वारा कमी होतो आणि यंत्र नको तितके तापते.

आता प्रत्यक्ष कृती. नळी न बसवता, मध्यम उष्णतेवर, डोके थोडे झुकवून बोटांनी केस मोकळे करत आधी नुसते वाळवा. ड्रायर केसांपासून साधारण पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडा कमी अंतरावर, आणि सतत हलता ठेवा. या अंतराला आधार आहे. कोरियातील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ड्रायर पंधरा सेंटिमीटरवर धरला असता केसाजवळचे तापमान 47 अंश होते, दहा सेंटिमीटरवर 61 आणि पाच सेंटिमीटरवर तब्बल 95 अंश. तापमान वाढत गेले तसा केसाचा पृष्ठभाग अधिक खराब झाला. त्याच अभ्यासात नुसत्या हवेवर वाळवलेल्या केसांच्या आतल्या थरालाही इजा दिसली. केस बराच वेळ ओले राहणे हे त्याचे कारण असावे, असे त्यांनी मांडले. त्यामुळे ड्रायर मुळातच वाईट, असे समजून तुम्ही त्याला घाबरावे असे मला वाटत नाही.

केस किती वाळले हे डोळ्यांना नीट कळत नाही. बट गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. गार लागली तर आत अजून पाणी आहे. चारातले तीन भाग ओल गेली, की मगच नळी बसवा आणि ब्रश हातात घ्या. मानेपासून कपाळापर्यंत आणि कानापासून कानापर्यंत भांग पाडून केसांचे चार भाग करा, तीन क्लचरने वर बांधून ठेवा आणि मानेजवळच्या खालच्या भागापासून सुरुवात करा. दोन बोटे रुंदीचीच बट घ्या. गोल ब्रश तूर्त नको. कमरेपर्यंतच्या केसांत तो अडकतोच, आणि धातूच्या दांड्याचा असेल तर तापतोही. रुंद, चपटा ब्रश बटेखाली धरून मुळापासून टोकाकडे हळू ओढा आणि ड्रायरचे तोंड त्याच्या मागोमाग, नेहमी टोकांच्या दिशेने ठेवा. केसावरचे खवले कौलांसारखे खालच्या दिशेला बसलेले असतात. वारा वरून खाली गेला तर ते मिटतात आणि चमक येते, उलटा गेला तर उघडून केस पिंजारतात. एका बटेवर दोन-तीन वेळा फिरवून झाले, की गार वारा सोडून ती ताणलेल्या स्थितीतच थंड होऊ द्या.

कपाळाजवळच्या खराब झालेल्या केसांना ब्रश लावूच नका. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये, ज्यांचे केस आपल्याहून कितीतरी घट्ट वळणाचे असतात, एक पद्धत रूढ आहे. बटेचे टोक एका हाताच्या बोटांत हलके ताणून धरायचे आणि दुसऱ्या हाताने ड्रायर मुळापासून टोकाकडे न्यायचा. यात कंगवा-ब्रशचे घर्षणच नसते, आणि वारा फार गरम झाला तर आपल्या बोटांना तो आधी कळतो. केस काचेसारखे सरळ होत नाहीत, पण तुमच्या त्या भागाला सध्या एवढेच सोसेल.

पहिल्याच दिवशी पूर्ण डोके करायला घेऊ नका. एक भाग करा आणि बाकीच्या केसांची सैल वेणी घाला. पुढच्या न्हाण्याला तो भाग पूर्ववत कुरळा झाला, तर तुमची उष्णता योग्य होती असे समजून पुढे जा. नाही झाला, तर उष्णता एक पायरी उतरवा. सगळे केस करायला सुरुवातीला दोन तासही लागतील आणि दंड भरून येईल. कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, तर आधीच्या एखाद्या निवांत रविवारी सराव करा. महिन्यातून एक-दोन वेळांपेक्षा जास्त ब्लो ड्राय करू नये, असे माझे मत आहे.

केराटिनचा सल्ला तुम्ही मानला नाहीत, हे उत्तम झाले. या उपचाराने केस दुरुस्त होत नाही. केसावर थर बसवून तो मोठ्या उष्णतेने, स्ट्रेटनरनेच, पक्का केला जातो, म्हणजे भाजलेल्या जागी पुन्हा चटका. शिवाय अशा काही मिश्रणांतून फॉर्माल्डिहाइड वायू निघतो, आणि त्याची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक द्रव्यांत केलेली आहे. ग्लायऑक्झिलिक आम्ल असलेल्या मिश्रणांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. टाळूला आग होत असेल किंवा केस मुळासकट गळत असतील, तर पार्लरकडे नव्हे, त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : घरी केलेला माझा ब्लो ड्राय हिवाळ्यात चार दिवस टिकतो, पण पावसाळ्यात अर्ध्या तासात केस फुलतात. माझे काय चुकते?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचे काही चुकत नाही. वर सांगितलेले कच्चे बंध सुटायला न्हाणेच लागते असे नाही, हवेतील बाष्पही पुरते, आणि कोकणातील आषाढ-श्रावणात ते किती असते हे तुम्ही मला सांगावे. केस किंचितही दमट राहिले असतील तर ते आणखी लवकर फुलतात, म्हणून शेवटी सगळ्या डोक्यावर पाच मिनिटे गार वारा फिरवा, सीरमचे दोन थेंब तळहातावर पसरून वरवर लावा आणि बाहेर पडताना सैल अंबाडा घालून मुक्कामी पोहोचल्यावर केस सोडा. एवढे करूनही टिकला नाही, तर उष्णता वाढवू नका. जून ते सप्टेंबर केस कुरळेच ठेवा आणि ड्रायर दसऱ्यानंतर बाहेर काढा.