लिव्हरमधला पू नळीने काढताना काय करतात, आणि ती नळी घरी कशी सांभाळायची?

तुम्ही विचारलंय: मोहोळला राहणाऱ्या वडिलांच्या लिव्हरमध्ये आठ सेंटिमीटरचं गळू आहे, सोलापूरच्या डॉक्टरांनी 'पिगटेल' (पू काढायची, टोकाला वेटोळं होणारी बारीक नळी) सांगितलंय, हे ऑपरेशनच का, आणि नळी घेऊन घरी जाता येतं का?

पोट उघडत नाहीत. सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात, साधारण अर्ध्या तासाचं काम. भीती त्याचीच वाटते, पण खरी कटकट पुढे नळी सांभाळायची असते.

आधी पीटी-आयएनआर (रक्त किती लवकर गोठतं याची तपासणी) आणि प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) बघतात. आयएनआर साधारण 1.5 च्या आत, प्लेटलेट 50,000 च्या वर हव्यात. वडील रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आजच डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका.

भूल तेवढ्या जागेपुरतीच. बरगड्यांमधून जायचं असेल तर सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून नेतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस असते. वाटेत थोडं चांगलं लिव्हर मुद्दाम घेतात, म्हणजे पू पोटात सांडत नाही. सिरिंजमध्ये पू आला की सुईतून तार आत, सुई बाहेर, तारेवरून डायलेटर (वाट मोठी करायची निमुळती नळी) घालून वाट रुंद, मग नळी. स्वीडनचे डॉक्टर सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडलेली हीच पद्धत. नळी बहुधा 10 ते 14 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप). 12 फ्रेंच म्हणजे 4 मिलिमीटर. तार काढली की नळीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं, आणि आतला दोरा ओढून ते वेटोळं पक्कं करतात. काढताना हा दोरा आधी सोडवावा लागतो. म्हणून गावातल्या कुणाकडून नळी ओढून घेऊ नका.

घरी सगळ्यात जास्त फसगत होते ती 'पिशवीत काही येत नाही, म्हणजे पू संपला' या समजुतीने. आधी थ्री-वेचा (नळीला जोडलेल्या तीन तोंडांच्या छोट्या तोटीचा) खटका फिरलाय का बघा. मग लेंग्याची नाडी: तिच्याखाली नळी हमखास दुमडते. सांगितलं असेल तेवढंच सलाईन, बहुधा 10 मिली, हलक्या हाताने सोडा. अडलं तर जोर लावू नका, फोन करा. वहीत माप लिहिताना घातलेलं सलाईन वजा करा, नाहीतर तीन वेळचे 30 मिली उगाच पू म्हणून मोजले जातात.

पिशवी कायम कमरेच्या खाली. एसटीत खांद्याला अडकवू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते, म्हणून आधीच कातडीपाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवा. खूण बाहेर सरकली तर नळी निसटतेय. थंडी वाजून ताप, ताजं रक्त, हिरवट पित्त, धाप, यातलं काहीही दिसलं की लगेच दवाखाना.

गळू अमिबाचं असेल (पू चॉकलेटी, बहुधा बिनवासाचा) तर मेट्रोनिडाझोल या अमिबा मारायच्या औषधानंतर आतड्यातल्या अमिबासाठी वेगळी गोळी असते. ताप गेला म्हणून ती सोडून देणारे बरेच. मग दुखणं उलटतं. या दिवसांत शिंदी-दारू पूर्ण बंद.

ताप नाही आणि दोन दिवस रोजचा पू 10 मिलीच्या आत, मग साधारणपणे नळी काढतात. त्यानंतरच्या सोनोग्राफीत पोकळी काही महिने दिसत राहते. माणूस ठणठणीत असेल तर त्या रिपोर्टवरून पुन्हा नळी टाकायला धावू नका.