सैन्यातला मेहुणा ड्यूटीवर असताना गेला. ताई दोन लहान मुलांसह मुंबईत राहते. मुलांना काय मिळू शकतं?

फार वाईट झालं. ताईला सांगा, सगळ्यात आधी रेकॉर्ड ऑफिसकडून (सैन्याचं सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) मृत्यूची नोंद कोणत्या प्रकारात झाली ते लेखी घ्या. पुढचं सगळं त्यावरच ठरतं. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असतं (सुरुवातीची काही वर्षं 50), मृत्यू सेवेमुळे ओढवला असेल तर 60 टक्के आणि युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आलं असेल तर पूर्ण वेतनाइतकं. नोंद चुकीची वाटली तर गप्प बसू नका, अपील करता येतं.

पेन्शन आधी पत्नीला मिळतं. आईही नसेल तर मुलांकडे येतं, साधारणपणे वयाच्या 25 वर्षांपर्यंत. अपंग अपत्याला, कमावता येत नसेल तर, आयुष्यभर.

लढाईत वीरमरण आलेल्यांच्या मुलांची शिक्षण फीही सरकार भरतं. त्यावरची दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा 2018 मध्ये उठली. पुढे व्यावसायिक कोर्ससाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलाला महिना 2,500, मुलीला 3,000. बारावीला 60 टक्के हवेत.

आता कागद. महापालिकेच्या जन्मदाखल्यावरचं मुलाचं नाव आणि सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका ‘कुमार’मुळेही फाईल अडून राहते. शहर की उपनगर, तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात ताईसोबत जा, तिला एकटीला पाठवू नका. एजंटला पैसे देऊ नका, तिथे अर्ज भरायला मदत मिळते.