जुन्या फ्लॅटच्या बाथरूमचं काम काढलंय. टाइल्स कोणत्या घ्याव्यात आणि कोणत्या चुका टाळाव्यात?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: डोंबिवलीतला २५ वर्षांचा फ्लॅट, ५ बाय ७ चं बाथरूम, घरात सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, आणि बायकोला आवडलेल्या काळ्या मॅट टाइल्स. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘गवंडी म्हणतो जुन्यावरच नवीन लावू, तोडफोड कशाला.’ मी ठाणे-बदलापूर पट्ट्यात घरदुरुस्तीची कामं घेतो. मला विचाराल तर खरा प्रश्न हा शेवटचाच आहे, टाइल्सचा रंग नंतर.

जुन्या टाइलवर नवीन टाइल बसते. योग्य अ‍ॅडहेसिव्ह वापरला आणि खालची टाइल घट्ट असली तर भिंतीवर टिकतेही. पण २५ वर्षांच्या इमारतीत भिंतीच्या आत बहुतेक वेळा जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप असतात, आतून गंजलेले. त्यांच्यावर नवी कोरी टाइल चढवायची आणि दोन वर्षांनी गळती शोधायला तीच फोडायची, याला काटकसर म्हणत नाहीत. शिवाय टाइल आणि मसाला मिळून जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. आज तुमचं बाथरूम पॅसेजपेक्षा इंचभर खाली असेल, ते जवळपास बरोबरीला येईल आणि पाणी हॉलच्या दिशेने निघेल. तेव्हा तोडाच. राडारोडा उचलायचे पैसे मात्र आधीच ठरवून घ्या, तिथे हमखास वाद होतो.

तोडल्यानंतर पाइप सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे) करून घ्या, नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं जाळीखालचं भांडं, बदला आणि भिंती बुजवायच्या आधी लाइनची प्रेशर टेस्ट करा. त्याच वेळी प्रत्येक भिंतीला मेजरटेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना पाइप कुठून गेलाय ते कोणालाच आठवत नाही.

मग वॉटरप्रूफिंग. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी पट्टी, त्यावर कोटिंगचे आडवे-उभे दोन हात. भिंतीवर सगळीकडे निदान फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फूट. ट्रॅपभोवतीचा सांधा स्वतः उभं राहून भरून घ्या, कारण गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. कोटिंग वाळलं की ट्रॅप बंद करून पाणी भरा आणि ४८ तास तसंच ठेवा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून ठेवा आणि छताकडे लक्ष ठेवायची विनंती करा. ‘साहेब, पाच तास बघितलं, काही नाही,’ यावर ऐकू नका.

आता टाइल्स. दुकानात सगळा वेळ भिंतीच्या टाइल्स बघण्यात जातो आणि जमिनीची टाइल ‘मॅचिंगमध्ये’ म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत ठरते. तुमच्या घरात वयस्कर माणसं आहेत, तेव्हा उलटं करा: आधी जमीन ठरवा, मग तिला शोभेल अशी भिंत. जमिनीला ३०० बाय ३०० मिलिमीटरची, म्हणजे बोलीभाषेत १२ बाय १२ ची, मॅट अँटीस्किड व्हिट्रिफाइड (जास्त भाजलेली, घट्ट अंगाची) घ्या. घसरणीचं रेटिंग आर १० किंवा आर ११ आहे का विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर नमुना जमिनीवर ठेवायला लावा, त्यावर साबणाचं पाणी टाका आणि चप्पल काढून पाय घासून बघा. लोक हसतील, हसू द्या. खोल खाचांची टाइल मात्र नको. तिच्या खाचांत मळ बसतो आणि तो काढायला आईंनाच वाकावं लागतं.

दोन बाय दोन फुटांची मोठी टाइल एवढ्याशा बाथरूमला का नको, तर ढाळामुळे. ट्रॅपकडे चारही बाजूंनी ढाळ द्यायचा तर मोठी टाइल तिरकी कापावी लागते, नाहीतर मधे पाणी साचतं. सात फुटांच्या लांबीला टोकापासून ट्रॅपपर्यंत साधारण एक इंच ढाळ हवा. टाइल बसवायच्या आधी दोरी बांधून मोजा आणि बसवल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. कोपऱ्यात थारोळं राहिलं तर त्याच दिवशी टाइल काढायला लावा, मसाला सुकल्यावर कोणी काढत नाही.

काळ्या मॅटबद्दल. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर काळ्या टाइलवर आठवड्यात पांढरे क्षार दिसायला लागतील, मॅटवर जास्तच, कारण ते पुसून सहज निघत नाहीत. काळ्या मॅट नळांचंही तेच. क्रोम बरा, ओल्या फडक्याने चमकतो. बायकोचं मन मोडू नका: काळी टाइल बेसिनमागच्या कोरड्या भिंतीला लावा. शॉवरच्या भिंतींना फिकट करडी किंवा बेज, सॅटिन फिनिशची. साबणाचे डाग त्यावर कमी दिसतात आणि छोटी खोली अंधारीही होत नाही. रंग दुकानातल्या झगझगाटात ठरवू नका. एक नमुना घरी आणून तुमच्याच बाथरूमच्या दिव्याखाली बघा.

भिंतीचं गणित: २४ फूट परीघ गुणिले सात फूट, वजा दरवाजा, म्हणजे साधारण १५० चौरस फूट. १२ बाय २४ इंचांची एक टाइल जेमतेम दोन चौरस फुटांची. तुटफूट आणि कापाकापी धरून दहा टक्के जास्त मागवा, म्हणजे ८५ च्या आसपास टाइल्स लागतील. माल आला की प्रत्येक खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर जुळवा. गुजरातेतल्या मोरबीहून, टाइल्सच्या कारखान्यांच्या गावाहून, आलेल्या एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक असू शकतो, आणि तो भिंतीवर चढल्यावरच डोळ्यांत भरतो.

बसवताना गवंड्याशी माझं हमखास भांडण होतं ते गोळ्यांवरून. टाइलच्या मागे मसाल्याचे पाच गोळे टाकायचे आणि थापीच्या दांड्याने ठोकून चिकटवायची. मधली जागा पोकळ राहते, पाणी मागे उतरतं आणि कोपऱ्यावर काही पडलं की टवका उडतो. भिंतीच्या साध्या सिरॅमिकला निदान सिमेंट धरतं, कारण ती दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते. व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते, तिला सिमेंटचं पाणी लागतच नाही. तिच्यासाठी अ‍ॅडहेसिव्हच हवा, दातेरी थापीने पूर्ण पाठीवर ओढलेला. सिमेंटवर लावायची सिरॅमिक आधी पाण्यात भिजवतात. अ‍ॅडहेसिव्हवर लावायची असेल तर भिजवायची नाही. हे सांगावं लागतं, कारण गवंड्याच्या हातांना भिजवायची सवय असते.

पहिली टाइल लागायच्या आधी ओळंबा आणि गुण्या (काटकोन मोजायची पट्टी) लावून भिंती तपासा. जुन्या इमारतीत काटकोन क्वचितच सापडतो. दारातून समोर दिसणाऱ्या भिंतीवर दोन्ही कडांना अर्ध्याहून मोठा तुकडा येईल अशी मांडणी आधी जमिनीवर करून बघा. दोन इंचांची पट्टी उरली तर ती दारामागच्या कोपऱ्यात ढकला. भिंतीची सगळ्यात खालची ओळ शेवटी लावायची, म्हणजे ती जमिनीच्या टाइलवर उतरते आणि पाणी सांध्यात शिरत नाही.

सांध्यात दोन मिलिमीटरचे स्पेसर घाला. ‘जॉइंट फ्री लावून देतो’, म्हणजे सांधा न ठेवता टाइलला टाइल भिडवून, याला नाही म्हणा. सांधे एपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनच्या ग्राउटने, भरा. पांढरं सिमेंट काळं पडतं. एपॉक्सीचा थर टाइलवरून लगेच पुसून घ्यावा लागतो, जेवायला गेलेला कारागीर परत येईपर्यंत तो कडक झालेला असतो. आणि एपॉक्सी म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, ते आधीच झालेलं असायला हवं.

कमोड बदलणार असाल तर मागच्या भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर नव्या टाइलची जाडी धरून मोजा आणि मगच कमोड विकत घ्या. आई-बाबांसाठी कमोडशेजारी आणि शॉवरपाशी आधाराचा दांडा लागेल. त्याच्या जागा प्लास्टर व्हायच्या आधी ठरवा, कारण चार इंची भिंतीत तो नीट पकडेल की नाही हे तेव्हाच कळतं.

शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. एक नाणं घेऊन प्रत्येक टाइलवर टकटक करा. जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने फुली मारा आणि त्या बदलून मिळाल्यावर पैसे द्या. अ‍ॅसिडने धुवायला येईल त्याला दारातूनच परत पाठवा. सिमेंटचे डाग फडक्याने आणि पाण्याने आधीच काढायचे असतात, अ‍ॅसिड सिमेंटचे सांधे आणि क्रोम दोन्ही खातं. उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवा, वर्षभराने तो शेड दुकानात मिळेलच असं नाही.