तुमचे प्रश्न : दहशतवादी हल्ल्यानंतरची भरपाई कुणाला मिळते?

स्टेशनात स्फोट झाला तर जखमी झालेल्या प्रत्येकाला रेल्वे भरपाई देते का? फलाटावर चहा विकणाऱ्याचं काय?

रेल्वे प्रत्येकाला भरपाई देत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ मध्ये दहशतवादी कृत्याचा समावेश आहे आणि तिथे रेल्वेची चूक होती की नव्हती हे पाहिलंच जात नाही. पण हा हक्क फक्त 'प्रवाशा'चा. प्रवासाचं वैध तिकीट किंवा पास असलेला, वैध फलाट तिकीट घेऊन आत आलेला आणि कामावर असलेला रेल्वे कर्मचारी एवढेच लोक त्यात बसतात. मृत्यूसाठी १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये मिळतात.

चहावाला, हमाल, फलाट तिकीट न काढता सोडायला आलेला भाऊ यांना इथे दाद मिळत नाही. त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं. केंद्र सरकारची नागरिक बळींसाठी वेगळी योजना आहे. तिची रक्कम २०१६ मध्ये ३ लाखांवरून ५ लाख झाली आणि ती देताना तिकीट विचारत नाहीत. तिसरा मार्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. आरोपी सापडला नसला, खटला उभा राहिला नसला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३९६ खाली तिथे अर्ज करता येतो. या तिन्ही ठिकाणी पात्रतेचे निकष वेगळे आहेत. रेल्वेने 'नाही' म्हटलं की लोक घरी बसतात, याचं फार वाईट वाटतं.

पास स्फोटात जळाला. प्रवासी होतो हे कसं सिद्ध करायचं?

तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. अर्जदाराने प्रतिज्ञापत्र करून हकिकत मांडली आणि जवळचे कागद जोडले की ती खोटी ठरवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते.

कागद मात्र लवकर गोळा करा. मोबाइलवर काढलेल्या पासची नोंद ॲपमध्ये असते. खिडकीवर काढला असेल तर आधीच्या महिन्यांचे जुने पास, ऑफिसचं हजेरीपत्रक आणि घर ते ऑफिस हा रोजचा मार्ग एकमेकांशी जुळला पाहिजे. मृताच्या बाबतीत इन्क्वेस्ट पंचनाम्याची (मृतदेह पाहून पोलिसांनी केलेल्या नोंदीची) प्रत मागा आणि अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी ओळ न ओळ वाचा. अर्धवट जळालेला पास यादीत नुसता 'कागद' म्हणून लिहिला गेला असेल तर पोलीस ठाण्यात लगेच लेखी अर्ज द्या.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत करायचा असतो. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर इथे खंडपीठं आहेत. उशीर झाला तर सबळ कारण देऊन तो माफ करून घेता येतो. महिनोन्‌महिने रुग्णालयात असणं हे तसं कारण आहे, फक्त डिस्चार्ज कार्ड जोडा.

पायाचं अपंगत्व ४० टक्के आलं. केंद्राच्या योजनेत ५० टक्के लागतात. प्रकरण संपलं का?

बहुतेक वेळा नाही, कारण फक्त पायच तपासलेला असतो. स्फोटाच्या दाबाने कानाचा पडदा फाटणं ही अगदी नेहमीची इजा आहे. पण ऑर्थोपेडिकच्या वॉर्डात पडलेल्या माणसाचा कान कुणी पाहत नाही आणि ऐकू कमी येतंय हे घरच्यांच्याही महिन्याभराने लक्षात येतं.

दोन अपंगत्वं असली की टक्केवारीची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा घ्यायचा. ९० मधून तो वजा करून उरलेल्या आकड्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. पाय ४०, कान २० असेल तर ९० वजा ४० म्हणजे ५०. ५० गुणिले २० म्हणजे १०००. भागिले ९० म्हणजे ११.१. एकूण ५१.१ टक्के. माणूस पात्र ठरला. कान १५ टक्केच असता तर बेरीज ४८.३ झाली असती आणि अर्ज फेटाळला गेला असता. म्हणून ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), डोळ्यांची तपासणी आणि भाजलेल्या त्वचेच्या आकसण्याची नोंद हे सगळं वैद्यकीय मंडळासमोर एकदमच ठेवा. घाईही करू नका. जखम स्थिरावण्याआधी मिळतं ते तात्पुरतं प्रमाणपत्र आणि योजनेला कायमचं अपंगत्व लागतं.

रेल्वेकडे टक्केवारी चालत नाही, तिथे इजांची ठरलेली यादी आहे. दोन्ही हात गेले किंवा पूर्ण बहिरेपण आलं तर मृत्यूइतकीच रक्कम, म्हणजे ८ लाख.

मुलगा गेला. सून म्हणते पैसे तिचेच. आईला काही हक्क आहे का?

रेल्वेच्या दाव्यात आहे. इथे वारस कोण हे नव्हे, तर अवलंबित कोण हे पाहतात. पत्नी आणि मुलं थेट पात्र असतात. विवाहित मुलाची आई त्याच्यावर पूर्णपणे किंवा अंशतः अवलंबून असेल तर तीही पात्र. 'अंशतः' हा शब्द महत्त्वाचा आहे. दरमहा खात्यावर येणारे दोन हजार, रेशनकार्डावरचं एकत्र नाव, औषधांची त्याने भरलेली बिलं एवढा पुरावाही कामाचा ठरतो. आजी, सुनेविरुद्ध वेगळा अर्ज करू नका. एकाच अर्जात दोघींची नावं घाला, वाटणी न्यायाधिकरण करतं. वेगवेगळे अर्ज झाले की प्रकरण लांबतं आणि दोघीही खोळंबतात.

सरकारी नोकरी मिळाली तर केंद्राचे ५ लाख मिळतात का?

नाही. कुटुंबातल्या कुणाला केंद्राने किंवा राज्याने त्या घटनेमुळे नोकरी दिली असेल तर या योजनेचे पैसे मिळत नाहीत. तातडीचं सानुग्रह अनुदान घेतलेलं असेल तर मात्र अडचण नाही. मिळालेली रक्कम तीन वर्षं मुदत ठेवीत राहते आणि दर तिमाहीचं व्याज बचत खात्यात येतं. त्यामुळे त्यातून लगेच कर्ज फेडू असा हिशेब मांडू नका.

मृतदेह ओळखूच आला नाही तर?

डीएनएसाठी आई, वडील किंवा पोटच्या मुलांचा नमुना द्या. नवरा किंवा बायको यांचा नमुना जुळवणीला उपयोगी पडत नाही, तरी घाईत तोच घेतला गेला आणि आठवडे वाया गेले असं होतं. जुळवणी झाली की मृत्यूचा दाखला निघतो आणि बाकीचे अर्ज पुढे सरकतात. काहीच जुळलं नाही तर सात वर्षं बेपत्ता असल्यावर मृत्यू गृहीत धरण्याची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. त्यासाठी पुरावा म्हणून बेपत्ता असल्याची तक्रार शक्य तितक्या लवकर नोंदवा.