टेबलावरचं रणांगण: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

छोटे सैनिक रंगवून टेबलावर जुन्या लढाया खेळणाऱ्यांसाठी हे सदर. या वेळची बरीच पत्रं वऱ्हाडातली आहेत आणि बहुतेकांच्या टेबलावर इंग्रज-मराठा युद्धाचं १८०३ साल मांडलेलं दिसतं. कुणी २९ नोव्हेंबरची अडगावची लढाई उभी करतंय, कुणी १५ डिसेंबरचा गाविलगडावरचा हल्ला. म्हणून उत्तरंही त्याच धोरणानं दिली आहेत.

प्रश्न (अकोट): १/७२ मापाचे मऊ प्लास्टिकचे सैनिक प्रायमर मारून रंगवले. दोन-चार वेळा खेळल्यावर भाल्यांवरचा आणि बंदुकांच्या नळ्यांवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला. काय चुकलं?

उत्तर: या सैनिकांचं प्लास्टिक वाकतं आणि त्यावरचा रंग वाकत नाही, म्हणून तो तडकतो. त्यातच साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहून गेला असेल तर प्रायमर मुळात धरलेलाच नसतो.

आधी सैनिक ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यासकट कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाकून वीसेक मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा आणि पूर्ण वाळू द्या. साच्याची शिवण पॉलिश पेपरनं घासू नका, या प्लास्टिकला लव सुटते. नव्या ब्लेडनं ती कापून काढायची. वाकलेले भाले चहाइतक्या गरम पाण्यात मिनिटभर धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा.

मग एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी असं मिश्रण सगळ्या अंगाला लावा. घड्यांत साचलेलं कोरड्या ब्रशनं टिपून घ्या, नाहीतर चेहरे बुजतात. वाळल्यावर हा थर पारदर्शक आणि लवचिक होतो. त्यावर ब्रशनं अ‍ॅक्रिलिक प्रायमर, मग रंग, शेवटी मॅट वॉर्निश. वॉर्निश टाळू नका. फेविकॉलला ओल लागली की तो पुन्हा मऊ पडतो आणि खेळताना हाताला घाम येतोच.

तरीही भाला हा भालाच. जो हमखास हाताला लागतो तो कापून टाका, तापवलेल्या टाचणीनं सैनिकाच्या मुठीत भोक पाडा आणि अर्ध्या मिलीमीटरची पितळी तार बसवा. तारेचं टोक कानशीनं बोथट करायला विसरू नका.

प्रश्न (दर्यापूर): गडद कोटांवर वॉश (घड्यांत साचून सावली दाखवणारा पातळ रंग) दिला की वाळल्यावर घड्यांमध्ये पांढरी भुकटी दिसते. कंपनी बदलून पाहिली, फरक नाही.

उत्तर: वॉशच्या बाटलीत दोष नाही, पाण्यात आहे. तुम्ही खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागात राहता. वॉश खोलगट जागी साचतो, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच बसतात. बोअरचं एक थेंब पाणी काळ्या प्लास्टिकच्या झाकणावर वाळू द्या. जी पांढरी कड उरेल तीच तुमच्या शिपायांच्या कोटावर आहे. पाणी उकळून उपयोग नाही, मीठ उकळल्यानं जात नाही. गॅरेजमध्ये बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं. एक लिटरची बाटली रंगकामाला कित्येक महिने पुरते. रंग पातळ करायला तेच वापरा आणि ब्रशचं शेवटचं धुणंही त्यातच करा, कारण ब्रशमधलं पाणीही रंगात उतरतं.

बिघडलेल्या सैनिकांवर डिस्टिल्ड पाण्यात ओला केलेला मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवा आणि ओल कापडाच्या टोकानं टिपा. उरलेली फिकट छटा वॉर्निशखाली बरीचशी दबते.

पावसाळ्यात स्प्रे वॉर्निश मारल्यावर जी सरसकट पांढुरकी साय येते ती वेगळी, ती हवेतल्या दमटपणानं येते. कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा एक पातळ हात द्या, तो वाळला की मॅट. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे बाजूला ठेवून ब्रशनं लावायचं वॉर्निश घेतलेलं बरं.

प्रश्न (तेल्हारा): अडगावचं मैदान करतोय. आमच्याच वावरातली काळी माती चाळून प्लायवर फेविकॉलनं चिकटवली. आठ दिवसांत भेगा पडून ढलप्या निघाल्या आणि प्लायही वाकला. शिवाय उभी ज्वारी कशी दाखवावी?

उत्तर: वावरातलीच माती टेबलावर आणायचा मोह समजतो, पण ही माती या कामाची नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी लागलं की फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावराला ज्या कारणानं भेगा पडतात त्याच कारणानं तुमच्या प्लायवर पडल्या आणि आकसताना मातीनं फेविकॉलचा थरही सोबत ओढला. (मे महिन्यातलं मैदान करायचं असतं तर ही खोड कामाला आली असती. ही लढाई नोव्हेंबरातली.)

नदीची रेती धुऊन उन्हात कडक वाळवा आणि चहाच्या गाळणीतून चाळा. समान भाग फेविकॉल आणि पाणी प्लायवर पसरा, ओलं असतानाच रेती भुरभुरा, रात्रभर ठेवून सुटी रेती झटका. मग पातळ फेविकॉलचा आणखी एक हात द्या. रंग देताना निव्वळ काळा देऊ नका. ओली माती काळी दिसते, वाळलेली राखाडी-तपकिरी. बर्न्ट अंबरमध्ये काळा मिसळून पाया द्या. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं मातकट राखाडी रंग नुसता ढेकळांच्या माथ्यावरून फिरवा.

प्लाय वाकला कारण एकाच बाजूनं ओला झाला. ६ मिमीचा घ्या, दोन बाय दोन फुटांचे सहा तुकडे केले की सहा बाय चार फुटांचं टेबल होतं. रेती लावायच्या आधी प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना ऑइल पेंट द्या आणि तो पूर्ण वाळल्यावर वरची बाजू पॉलिश पेपरनं खरवडून घ्या, म्हणजे फेविकॉल धरेल.

ज्वारीसाठी काथ्याचं पायपुसणं घ्या, ज्याचे केस उभे असतात ते. पातीच्या सुरीनं मागच्या बाजूनं कापा, पुढून कापलं तर केस तुटतात. १० बाय १५ सेंटिमीटरचे तुकडे पुरे, कडा मुद्दाम वाकड्यातिकड्या ठेवा. १/७२ मापात एक मीटर म्हणजे १४ मिलीमीटर. पायपुसण्याचे केस १५ ते २० मिमी असतात, म्हणजे पीक कमरेच्या वर, छातीपर्यंत. जुन्या देशी वाणाची ज्वारी माणूस बुडेल इतकी वाढायची. हिशेबानं ती ३५ मिमी भरते, पण एवढ्या उंच पिकात सैनिक सापडत नाहीत आणि हात घातला की पडतात. आमच्या मते इथं उंचीला कात्री लावावी आणि दिसणं-न-दिसणं खेळाच्या नियमावर सोडावं. बुडाशी तपकिरी-हिरवा वॉश द्या, शेंड्यांवर स्पंजनं फिकट दुधी रंग टिपा की कणसं भरलेली दिसतात.

सगळी वावरं उभ्या पिकाची करू नका. काही ठिकाणी कापणी झालेली दाखवा: तेच केस ३ मिमीचे कापून तासात ओळीनं रोवले की धसकटं तयार. मध्ये धुरे घाला आणि धुऱ्यावर बाभळी. बाभळीला पऱ्हाटीचे बारीक फाटे उत्तम, फक्त बोंडं काढून घ्या, त्यांत बोंडअळी दडलेली असते. फाटे कडक उन्हात वाळवून पातळ फेविकॉलमध्ये बुडवून काढा. पानांना आरामशीनवरचा बारीक भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला चालतो. वाळलेला चहाचा चोथा वापरायचा सल्ला मिळतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.

आणि गुलमोहर नको. तो मादागास्करचा, १८०३ साली इथं नव्हता. सोयाबीनची हिरवीगार वावरंही गेल्या काही दशकांतली. कडुनिंब, पळस, बाभूळ, मोह यांवर भागवा.

प्रश्न (परतवाडा): गाविलगडाचा तट थर्माकोलचा कोरला. स्प्रे मारला आणि तट वितळला. आता?

उत्तर: स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल विरघळवतं. फेविक्विक आणि चामड्या-रबराचे सोल्यूशनही तेच करतात. थर्माकोलला फेविकॉल, आणि रंग पाण्यातला. वितळलेला भाग फेकू नका, खिंडाराला तो हुबेहूब शोभतो.

नव्यानं करताना दोन तट करा. तोफांनी खिंडार पाडलं ते उत्तरेकडच्या बाहेरच्या तटाला. आतला तट शाबूत होता, तिथं शिड्या लावून चढावं लागलं. एकाच भिंतीत सगळं दाखवलं तर लढाईतली निम्मी अडचण नाहीशी होते.

गाभा थर्माकोलचा, दर्शनी बाजू ५ मिमी सनबोर्डची (फोमचा कडक बोर्ड). फ्लेक्सच्या दुकानात कातरण मिळते. रिकाम्या बॉलपेननं दगडांच्या ओळी दाबून काढा, ओळींची उंची ६ ते १२ मिमीच्या दरम्यान कमीजास्त ठेवा आणि उभे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबला की दगडाला खडबडीतपणा येतो. तटाची उंची ९० मिमी ठेवा, म्हणजे या मापात साडेसहा मीटर. माथ्यावर निदान ३० मिमी रुंदीची वाट हवी, नाहीतर सैनिक उभे राहत नाहीत. रंग काळ्या पाषाणाचा: काळा, तपकिरी आणि थोडा राखाडी, वर पावसाच्या ओघळांच्या काळ्या रेघा आणि शेवाळाचे मळकट हिरवे ठिपके.

शिडी १०५ मिमी लांब आणि पायऱ्या ४ मिमीवर. कबाबच्या काड्या वापरू नका, ३ मिमीची काडी या मापात वीतभर जाड वासा होते. खराट्याची एकसारखी बारीक काडी घ्या.

प्रश्न (उमरेड): इंग्रजांच्या फौजेला लाल कोट ठरलेला. भोसल्यांच्या घोडदळाला काय रंग द्यावा?

उत्तर: गणवेश नव्हता, त्यामुळे सगळे एकसारखे दिसले की चुकलंच म्हणा. दहा स्वारांत सहा पांढऱ्या सुती कपड्यांत घ्या, पण सहाही पांढरे वेगळे: एक मळका, एक पिवळसर, एक निळसर. शुद्ध पांढरा फक्त घडीच्या माथ्यावर, सावलीला खाकी-राखाडी. उरलेल्या चौघांना मंजिष्ठाचा लाल, नीळ, गेरू, हळदीवर नीळ चढवलेला हिरवा. कृत्रिम रंगांचा शोध १८५६ चा, तेव्हा भडक राणी आणि जांभळा टाळा. पागोट्याचा रंग अंगरख्यापेक्षा वेगळा ठेवा. भोसल्यांच्या नोकरीत अरब शिबंदीही होती, तिची पायदळाची वेगळी तुकडी करा.

घोडे एका रंगाचे नकोत, पण पांढरे मोजकेच.

प्रश्न (चंद्रपूर): एप्रिल-मे मध्ये रंग पॅलेटवरच वाळतो.

उत्तर: स्टीलच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही चालतो. स्पंज रोज धुवा, वास येतो. कूलरच्या झोतात बसू नका, रंग ब्रशच्या टोकावरच आटतो. भर दुपारी स्प्रेही नको: थेंब हवेतच वाळतात आणि सैनिकावर रवाळ बसतात. पहाटे मारा, वीसेक सेंटिमीटरवरून.

प्रश्न (आर्वी): २८ मिमी उंचीच्या सैनिकांसाठी कवेलूचं घर करायचंय. कवेलू एकेक करावे लागतील का?

उत्तर: नाही. मोबाइल किंवा मिक्सरच्या पातळ, दीड मिमी जाडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. वरचा कागद ओल्या स्पंजानं दोन मिनिटं भिजवून सोला, आतल्या नाल्या उघड्या पडतात. सामानाच्या जाड खोक्याची नाली या मापाला फार मोठी होते. नाल्यांच्या आडव्या दिशेनं ८ मिमीच्या पट्ट्या कापा, खालून वर दोन-दोन मिमी एकमेकांवर चढवत चिकटवा आणि अधूनमधून एखादा कवेलू सरकलेला ठेवा. दार ४० मिमी उंच हवं, कारण सैनिकाच्या पायाखाली बेसची जाडी असते. विटकरी रंगावर काळपट तपकिरी वॉश द्या. पुठ्ठ्याला आधी पातळ फेविकॉलचा हात दिला नाही तर तो वॉश शोषून फुगतो आणि नाल्या बसतात.