गिअरबॉक्सची केस फुटली आणि क्लेम अडकला: प्रश्न त्या 3 किलोमीटरचा आहे

गाडीखाली दगड लागला, गिअरबॉक्सची केस म्हणजे बाहेरचं कवच फुटलं, विमा कंपनी म्हणते केसचे पैसे देतो पण आतल्या गिअर-बेअरिंगचे नाही. पावसाळा संपत आला की हा प्रश्न मला सातारा, कराड, पाटण, वाई सगळीकडून येतो. यावेळचं पत्र साताऱ्यातल्याच एका दादांचं आहे. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये कास बघून संध्याकाळी परत येताना खाली जोरात ठोकर बसली, पाऊस होता, मोबाईलच्या उजेडात वाकून बघितलं तर सगळं ओलंच, काय कळलं नाही, म्हणून यवतेश्वर घाट उतरून घरी आले. सकाळी पार्किंगमध्ये ऑईल दिसलं. गॅरेजवाल्याने केस, गिअर, बेअरिंग, डिफरन्शिअल, मजुरी सगळं धरून 1 लाख 38 हजारांचं एस्टिमेट दिलं. कंपनीने 4 डिसेंबरला पत्र पाठवलं की केसचे 46 हजार आणि त्यातून 25 टक्के घसारा वजा, बाकी नामंजूर, कारण ऑईल गळत असताना गाडी चालवली. आता दादांचा प्रश्न असा की केस वेल्डिंग करून घेऊ का बदलू, आणि कंपनीवर दावा लावू का.

25 टक्के बरोबर आहेत, 3 वर्षं पूर्ण झालेल्या आणि 4 च्या आतल्या गाडीच्या धातूच्या पार्टला तेवढेच कापतात, त्यावर भांडू नका. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नव्हतं तो विषय संपला.

भांडण आहे ते एकाच अटीवर. बहुतेक खासगी गाड्यांच्या पॅकेज पॉलिसीत ही 4 नंबरची अट असते, तुम्ही पाठवलेल्या पानावर ती आहे पण तुम्ही ती वाचलेली दिसत नाही. तिचा अर्थ साधा आहे: गाडीचं नुकसान होऊ नये म्हणून मालकाने वाजवी काळजी घ्यायची, आणि अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती करायच्या आधी गाडी चालवली तर त्यामुळे जे नुकसान वाढेल ते मालकाच्या जोखमीवर. कंपनीचं पत्र या अटीच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर उभं आहे. दगडाने केस फुटली हे त्यांना मान्य आहे, आतले गिअर तुम्ही चालवल्यामुळे गेले असं त्यांचं म्हणणं आहे.

आता त्या अटीत ‘माहीत असूनही’ असा शब्द नाही. म्हणजे कंपनीचा वकील म्हणणार की ऑईल दिसलं का नाही याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, ठोकर बसली ना, मग थांबायचं. मी म्हणेन की अटीच्या सुरुवातीला ‘वाजवी काळजी’ लिहिलंय, ज्याला गळती माहीतच नाही त्याच्याकडून कुठली काळजी अपेक्षित आहे, अट संदिग्ध असेल तर ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचतात आणि नुकसान नाकारणारी अट लागू होते हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते. साध्या मॅन्युअल गाडीत गिअर ऑईलसाठी डॅशबोर्डवर दिवा नसतो, ही तुमची सगळ्यात मोठी बाजू. इंजिनचं चेंबर फुटून प्रेशर गेलं तर लाल दिवा लागतो, गिअरबॉक्समध्ये 2 लिटरच्या आसपास ऑईल असतं आणि ते सगळं वाहून गेलं तरी गाडी काहीच सांगत नाही, फक्त नंतर आवाज येतो. हे म्हणणं ग्राहक आयोग मान्य करेलच अशी खात्री मी देत नाही पण हे मांडण्यासारखं आहे आणि मी असते तर हेच मांडलं असतं.

पण दादा, तुमच्या क्लेम फॉर्मवर काय लिहिलंय बघा. ‘ऑईल गळत असताना गाडी सावकाश घरी आणली’. तुम्ही मला लिहिता की रात्री गळती दिसलीच नाही आणि फॉर्मवर तुमच्याच सहीच्या वर हे वाक्य. खाली तुम्हीच कबूल केलंय की एजंटने फॉर्म भरला, तुम्ही कोऱ्यावर सही करून दिली होती. किती वेळा सांगायचं, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका! चेकवर सही करताना चार वेळा आकडा बघणारी माणसं क्लेम फॉर्म कोरा देतात आणि मग एका ओळीपायी लाखाचं नुकसान होतं. एजंट ओळखीचा असेल, भला असेल, पण त्याने ऐकीव गोष्ट आपल्या शब्दांत लिहिली आणि कंपनीला आयतं कारण मिळालं.

ही ओळ खोडून निघेल का? निघू शकते, पण तुमच्या सांगण्याने नाही, त्या वेळच्या पुराव्याने. आणि तो तुमच्याकडे आहे, तुम्ही तो सहज म्हणून पाठवलाय, तो म्हणजे सकाळी 7 वाजताचा पार्किंगच्या फरशीचा फोटो आणि त्याखाली वहिनींचा मेसेज, ‘हे काय गळलंय बघा’. रात्री माहीत असतं तर सकाळी असा मेसेज कशाला आला असता. तो फोटो मी मोठा करून बघितला. डाग जेवणाच्या ताटाएवढा आहे. आता नीट ऐका, कारण सगळा क्लेम या डागाच्या आकारावर आहे.

तुमची चूक रात्रीची नाही, सकाळची आहे. तुम्ही सहज लिहून गेलात की ‘सकाळी गाडी हळू चालवत 3 किलोमीटरवर गॅरेजला नेली’. ऑईल दिसलं होतं, गाडीखाली काहीतरी फुटलंय हे कळलं होतं, आणि तरी चालवली. या 3 किलोमीटरला कुठलाच बचाव नाही, इथे ती अट पूर्ण लागू होते. उचलून न्यायला काय लागलं असतं? अपघातग्रस्त गाडी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा वाजवी खर्च कारसाठी 1,500 रुपयांपर्यंत साध्या पॅकेज पॉलिसीतच असतो. कंपनीच्या पैशाने गाडी गेली असती.

म्हणून प्रश्न असा उरतो की आतले गिअर कधी गेले, रात्रीच्या 25 किलोमीटरमध्ये का सकाळच्या 3 मध्ये. केसमध्ये ऑईल शिल्लक असताना तुम्ही घरी पोचला असाल तर ते रात्रभरात खाली गळलं असतं, तडा तळाला आहे, लिटरभर ऑईल फरशीवर सांडलं तर अर्धं पार्किंग भरतं. ताटाएवढा डाग म्हणजे घरी पोचेपर्यंत गिअरबॉक्स जवळजवळ रिकामा झाला होता. ऑईल घाटातच गेलं, आणि तुम्हीच लिहिलंय की यवतेश्वरच्या खाली उतरताना तिसऱ्यात गिरणीसारखी घरघर सुरू झाली होती. म्हणजे बेअरिंग तेव्हाच खाल्लं गेलं होतं. नुकसान कळायच्या आधी झालं, सकाळच्या 3 किलोमीटरने त्यात थोडी भर पडली असेल, सगळं नुकसान त्याने झालेलं नाही. घरघर ऐकून थांबला का नाहीत असं विचारतीलच, त्यावर घाट, अंधार, पाऊस, गाडीत मुलं, हे जसं घडलं तसं सांगा, वाजवी काळजीचा अर्थ परिस्थिती बघून लावायचा असतो.

हे माझं वकिली डोकं झालं, आयोगाला इंजिनिअरचं लेखी मत लागतं. स्वतंत्र लायसन्सधारक सर्व्हेअर (विम्यातलं नुकसान तपासणारा) किंवा कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या, सांगलीच्या वालचंद कॉलेजच्या मेकॅनिकल विभागातल्या कोणा जाणकाराला विचारून बघा, देतीलच असं नाही. गिअरच्या दातांवरचा निळसर जळका रंग, बेअरिंगची अवस्था, तड्याची कड ताजी आहे का आत जुनी काळी घाण बसलीय, यावरून अनुभवी माणूस बरंच सांगतो. कंपनीच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट शेवटचा शब्द नसतो, सुप्रीम कोर्टाने प्रदीप कुमार प्रकरणात 2009 सालीच हे सांगितलंय, पण तो खोडायला समोर दुसरा कागद ठेवावा लागतो.

सकाळचे 3 किलोमीटर लपवू का, असं तुम्ही विचारलं नाही पण कोणीतरी सल्ला देईलच म्हणून आत्ताच सांगते, लपवायचं नाही. कंपनीच्या पत्रात फक्त रात्रीचा उल्लेख आहे आणि नाकारताना जे कारण दिलं त्यापलीकडचं नवीन कारण कंपनीला नंतर सहसा आणता येत नाही, गलाडा पॉवर प्रकरणात 2016 मध्ये तसा निकाल आहे. त्याचा फायदा जरूर मागायचा. पण प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहिलं आणि गॅरेजच्या जॉब कार्डवरून गाडी स्वतः चालत आलेली दिसली तर खरं बोललेलंही कोणी ऐकणार नाही. आपणच लिहायचं की 3 किलोमीटर नेली, तेवढ्यापुरतं वाढीव नुकसान असेल तर वजा करा. अटीचा भंग झाला असं धरलं तरी पूर्ण शून्य न करता 75 टक्क्यांपर्यंत देण्याचा मार्ग अमलेंदू साहू प्रकरणात, 2010, दाखवलेला आहे. तिथला भंग वेगळा होता, खासगी गाडी भाड्याने दिली होती, त्यामुळे ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पर्यायी मागणी म्हणून शेवटी लिहायचं.

आता वेल्डिंग. गॅरेजवाला म्हणतोय की कंपनीकडून नवीन केसचे पैसे घ्या, मी जुनीच अरगॉन वेल्डिंग करून 9 हजारांत बसवतो. अजिबात नाही. नव्या केसचं बिल दाखवून जुनी बसवली तर ती फसवणूक आहे, आणि त्या फसवणुकीत सही तुमची असेल. ॲल्युमिनियमची केस आहे, वरच्या कानाला बारीक तडा असता तर वेल्डिंगचं बघता आलं असतं, तुमच्या फोटोत तडा बेअरिंगच्या बैठकीपर्यंत गेलाय, तिथे उष्णतेने माप हललं की नवीन बेअरिंगही टिकत नाही असं माझ्या ओळखीचे दोन मेकॅनिक सांगतात. आणि तडा वितळवून भरला की तुमचा पुरावा गेला. दुरुस्ती करायची, बदलायचं का रोख द्यायचं ही निवड पॉलिसीप्रमाणे कंपनीची असते, त्यांनी बदलायला मंजुरी दिलीय ना, मग तो वाद उकरू नका. जुनी केस आणि काढलेले गिअर गोणीत बांधून सील करून ठेवा, भंगारात जाऊ देऊ नका.

गॅरेजवाला गाडी उभी केल्याचे रोज 150 रुपये मागतोय त्याबद्दल ठाम सांगत नाही. गिअरबॉक्स उघडल्याची मजुरी मागायचा त्याला हक्क आहे, तेवढ्यासाठी गाडी अडवूनही ठेवू शकतो. रोजचं भाडं जॉब कार्डवर लिहिलेलं नसेल तर मी ते सहज मान्य करणार नाही.

पॉलिसीचं दुसरं पान तुम्ही पाठवलेलं नाही. त्यावर ‘इंजिन अँड गिअरबॉक्स प्रोटेक्ट’ अशी ओळ आहे का आजच बघा. गाडीखाली मार लागून ऑईल गळालं आणि आतले पार्ट गेले, नेमकं तेच नुकसान या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेल्या कव्हरमध्ये, बहुधा येतं, अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. असेल तर तुमची बाजू एकदम जड होते.

आणि तारीख. ऑक्टोबर संपत आला, पत्राला 4 डिसेंबरला वर्ष होईल. ग्राहक कायद्यात 2 वर्षं आहेत हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, ते खरं आहे, कलम 69. पण तुमच्या पॉलिसीत लवादाच्या अटीच्या शेवटी लिहिलंय की कंपनीने जबाबदारी नाकारल्यापासून 12 महिन्यांत दावा केला नाही तर क्लेम सोडून दिला असं समजायचं. ते अंशतः नाकारलेल्या क्लेमला लागतं का, कायद्यात टिकतं का, यावर वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलतील. तुम्हाला त्या वादात पडायचं कारणच नाही, 4 डिसेंबरच्या आत साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा, ऑनलाईनही होते, 5 लाखांपर्यंत फी नाही. वर्षाच्या सुरुवातीला आला असता तर मी आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे पाठवलं असतं, तिथे वकील लागत नाही आणि काम लवकर होतं. पण आधी कंपनीला लिहून महिनाभर थांबावं लागतं आणि तुम्ही दहा महिने एजंटला फोन करण्यात घालवले. त्या फोनने मुदत एक दिवसानेही वाढलेली नाही.

आयोगात उशीर होणार हे धरून चला. कंपनीला उत्तराला 30 आणि वर 15 दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलं, आणि निकाल 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत लागावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, याचा मला दर महिन्याला संताप येतो, कारण माणसाची गाडी तोवर गॅरेजमध्ये सडते. म्हणून मंजूर झालेले केसचे पैसे घ्या, फक्त ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर तशीच सही करू नका, ‘हरकत राखून स्वीकारले’ असं हाताने लिहा आणि त्याचा फोटो ठेवा. त्यांनी तसं घेतलं नाही तर ईमेलने हरकत कळवा. मग इंजिनिअरने पार्ट बघून झाले की गाडी दुरुस्त करा.

शेवटी तुम्ही लिहिलंय की दिवाळीत नवीन मोबाईल घेताय आणि जुना एक्सचेंजला देताय. देऊ नका. फरशीचा फोटो आणि वहिनींचा मेसेज ज्या मोबाईलमध्ये मूळ स्वरूपात आहेत तो निकाल लागेपर्यंत कपाटात राहू दे, फॉरमॅट करू नका, त्यावर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे मोबाईलमधल्या पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र आपल्याला जोडायचंय. वहिनींचा फोनही तसाच ठेवा.