मदतनिधीच्या स्पर्धेसाठी नवरा-बायकोने दोन महिन्यांत जोडीनृत्य शिकता येईल का? कोणता नाच घ्यावा, आणि सरावात जोडीदार चुकला तर त्याला कसं सांगावं?

कसं सांगावं? सांगूच नये. तो तुमचा शेवटचा प्रश्न वाचला म्हणूनच लिहायला बसले, नाहीतर दहावीचे पेपर तपासायचे पडलेत.

आधी नाचाचं. वॉल्ट्झ घ्या. सालसा सोपा असं क्लासवाले सांगतात, पण गणपतीच्या मिरवणुकीत नाचत मोठं झालेल्या माणसाचं पाऊल प्रत्येक ठोक्यावर पडतं, आणि सालसात आठांपैकी चौथ्या आणि आठव्या मात्रेला थांबायचं असतं. ही सवय दोन महिन्यांत मोडत नाही. चा-चा-चामध्ये ती तीन भरभर पावलं चौथ्या मात्रेला सुरू होऊन पुढच्या एकवर संपतात, तिथे भलेभले गडबडतात. वॉल्ट्झ तीन मात्रांचा: पुढे, बाजूला, पाय जुळवा. दादऱ्यावर कधी टाळी धरली असेल तर मोजणं शिकावं लागणार नाही. फक्त गाणं आवडलं म्हणून घेऊ नका, घड्याळ लावून मोजा. संथ वॉल्ट्झला मिनिटाला 84 ते 90 मात्रा लागतात. तीन मात्रांच्या गाण्यांतली बरीच त्याहून जोरात पळतात, व्हिएनीज वॉल्ट्झच्या 180 च्या आसपास गेलात तर नुसतं गरगरायला होतं.

आता सांगण्याबद्दल. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. डायलिसिसच्या रुग्णांसाठी ठाण्यात एका संस्थेने अशीच स्पर्धा ठेवली होती आणि नवऱ्याने मला न विचारता नाव दिलं. क्लास आठवड्यातून एकदाच, बाकी सराव घरचा. आमच्या हॉलमध्ये सोफा हलवला तरी वळायला जागा नाही. गच्चीवर चायना मोझॅक, त्यावर पाऊल फिरत नाही, गुडघा फिरतो. मग जेवणं उरकून खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये जायचो, दोन गाड्यांच्या मधे. वॉचमनकाका खुर्ची वळवून बसायचे.

नवरा मोठ्याने मोजायचा आणि वळण आलं की दर वेळी एकच वाक्य, "तू आधीच जातेस." मधे गाडी लावायला कोणी आलं तर त्यांनाही ऐकवायचं, "हिला घाई फार." (हाच माणूस मला स्कूटर शिकवताना मागे बसून ब्रेक, ब्रेक ओरडत होता. स्कूटर मला अजून नीट येत नाही, त्याचंही कारण त्याच्या मते मीच.) एकदा सासूबाईंनी वरून खिडकीतून विचारलं, "अगं, तो सांगतोय तसं का करत नाहीस?" त्या रात्री मी सराव सोडून वर निघून आले.

मी आधी का जात होते, ते सांगते. जोडीनृत्यात पुढे नेणाऱ्याने हाताने ढकलायचं नसतं. हातांनी फक्त चौकट धरून ठेवायची, म्हणजे हात ठरल्या जागी स्थिर ठेवायचे. खरी खूण धडातून येते, त्याचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं की समोरच्या बाईला ते कळतं. ती उलटी चालत असते, तिला मागचं दिसत नाही, तिच्याकडे तेवढी एकच खूण असते. आमच्याकडे वजन जागच्या जागी आणि डावा हात मात्र पुढे, फुगलेलं दार ढकलावं तसा. धक्का बसला की मी सरकणारच.

क्लासमधल्या सरांनी हे बरोबर पकडलं. दोघांना हात खाली सोडायला लावले आणि त्याला म्हणाले, आता हात न लावता मॅडमना मागे न्या. त्याने पाय पुढे टाकला, धड मागेच राहिलं. मी जागची हलले नाही. सर म्हणाले, "मॅडम बरोबर आहेत, तुम्ही अजून निघालाच नाहीत." घरी यायला रिक्षात बसेपर्यंत नवऱ्याचं मत तयार होतं की सर बायकांना कधीच बोलत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे: पाऊल चुकलं की आधी पुढे नेणाऱ्याकडे बघायचं. एकमेकांना सुधारायचंच नाही. भाचा, पुतण्या कोणीही चालेल, त्याच्याकडून मोबाइलवर शूटिंग करून घ्या, दोघांनी गप्प बसून बघा, आणि जे काय बोलायचं ते शिकवणाऱ्याला बोलू द्या. शिकवणारा कोण, फी किती, हे तुमच्या भागात चौकशी करूनच कळेल.

आता एवढं सगळं लिहिल्यावर सांगते, की दोन महिन्यांत तुम्ही नाच ठरवून, पाठ करूनच करणार, आणि पाठ असलेल्या नाचात बाईलाही पुढचं माहीत असतं, त्यामुळे ती खरोखर आधी जाऊ शकते. तुमच्याकडे तसं होत असेल. आमच्याकडे तसं नव्हतं. बूट रबरी तळव्याचे नकोत, टाइल्सवर अडकतात. सगळ्या जोड्या एकदम उतरवणार असतील तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, नाहीतर टकरा होतात.

आणि मतं कशी मोजतात ते आधीच विचारून घ्या. आमच्याकडे शंभर रुपयांना एक मत होतं, म्हणजे जो जास्त पैसे जमवेल तो पहिला. देणारे पावती मागतात. देणगीवरची, 80जी म्हणतात ती, आयकर सवलत हवी असेल तर 2000 रुपयांच्या वर रोख घेऊ नका, आणि नव्या करप्रणालीत ती सवलत नाहीच हेही सांगून टाका. आम्ही तिसरे आलो. नवरा अजून लग्नाकार्यात सांगतो की दुसऱ्या वळणाला हिचं पाऊल चुकलं. मतांची यादी माझ्याकडे आहे. माझ्या शाळेतल्या शिपाईमावशींनीसुद्धा दोन मतं घेतली होती, त्याच्या अख्ख्या ऑफिसातून आलं एक, तेही त्याने स्वतः भरलेलं.